आधी स्वतःचा डबा

या महिन्याच्या पत्रांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा आढळली. लक्षणे, घरची परिस्थिती, शेतीची हकीकत असे सारे सविस्तर लिहून झाल्यावर बहुतेकांनी शेवटी ‘तर काय घ्यावे ते कळवावे’ असे विचारले आहे. कोणाला काढा हवा आहे, कोणाला चूर्ण, तर कोणाला शहरातील नातेवाइकांनी फोनवर पाठविलेला दिनक्रम कितपत खरा, याची खात्री करून घ्यायची आहे. तालुक्याच्या ठिकाणी इतकी वर्षे रुग्ण तपासल्यानंतर माझे मत असे झाले आहे की, आपल्याकडच्या घरात नवे काही आणून ठेवण्यापेक्षा आहे त्याच कामांची वेळ आणि क्रम थोडा हलविला, तर प्रकृतीत अधिक फरक पडतो. पुढची उत्तरे वाचताना हे ध्यानात असू द्यावे.

प्रश्न : मी यवतमाळ जिल्ह्यातील एका खेड्यात राहते. वय ३८ वर्षे. पहाटे साडेचारला उठून सडा, स्वयंपाक आणि मुलांचे डबे उरकून मी आठ वाजता निंदायला जाते आणि संध्याकाळी परतल्यावर पुन्हा चुलीपुढे बसते. वर्षभरापासून थकवा एवढा येतो की घराची पायरी चढतानाही धाप लागते, रात्री पोटऱ्यांत गोळे येतात आणि लहानसहान गोष्टींवरून चिडचिड होते. नागपूरच्या नणंदबाईंनी ‘स्वतःसाठी वेळ काढ’ म्हणून व्हिडिओ पाठविले आहेत. त्यांत कोमट पाण्यात लिंबू-मध, अर्धा तास ध्यान आणि फळांचा रस सांगितला आहे. हा वेळ मी कोठून काढू?

उत्तर : ताई, तो अर्धा तास तुमच्याकडे नाही, हे तुमच्या पत्रावरूनच दिसते. तो काढायचा तर झोपेतूनच काढावा लागेल, आणि साडेचारला उठून साडेदहाला अंथरुणावर पडणाऱ्या बाईची झोप मुळातच सहा तासांवर आलेली असते. प्रौढ माणसाला किमान सात तास झोप हवी. त्यामुळे व्हिडिओतील ध्यान तूर्त बाजूला ठेवा आणि त्याबद्दल मनाला अपराधी वाटून घेऊ नका.

तुम्ही एक गोष्ट लिहिली नाही, पण ती मी गृहीत धरतो : घरात सर्वांत शेवटी तुम्ही जेवता. माझी आईही तशीच जेवत असे. तिने कधी स्वतःचे ताट वाढून घेतल्याचे मला आठवत नाही; कढईच्या कडेला राहिलेले चून भाकरीच्या तुकड्याने पुसून घ्यायचे, वरणाचे भांडे विसळून ते पाणी प्यायचे, की तिचे जेवण झाले. आम्हा मुलांना त्यात काही वावगे वाटले नाही, आणि मला ते डॉक्टर झाल्यावरही बरीच वर्षे दिसले नाही. म्हणून माझी पहिली सूचना अगदी किरकोळ वाटेल अशी आहे. सकाळी डबे भरताना पहिला डबा स्वतःचा भरा. त्यात दोन भाकरी, घट्ट वरण किंवा उसळ, पालेभाजी आणि जवसाची चटणी घाला, झाकण लावा आणि तो पिशवीत ठेवूनच बाकीच्यांचे डबे घ्या. उरले तर खाऊ, असे म्हणणाऱ्या बाईला डाळ आणि भाजी नेमकी उरत नाही, फक्त भाकर उरते.

आता धाप लागण्याविषयी. ही तक्रार आपल्या भागातील बायकांमध्ये बहुतेक वेळा रक्त कमी असल्याची असते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५७ टक्के स्त्रियांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आढळले होते. गरोदर नसलेल्या स्त्रीचे हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल, तर तो रक्तक्षय समजावा. ८ च्या खाली गेले, तर ती गंभीर बाब आहे. उपकेंद्रात ही तपासणी विनामूल्य होते. एखाद्या दिवसाची मजुरी बुडाली तरी हे काम या आठवड्यातच उरका. त्याच वेळी सिकलसेलचीही तपासणी करून घ्या, कारण हा आनुवंशिक आजार विदर्भात अनेक समाजांत आढळतो आणि त्यातही रक्त कमी असते. परंतु तेथे मनानेच लोहाच्या गोळ्या घेणे योग्य नाही. केंद्र सरकारने जुलै २०२३ मध्ये सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू केल्यापासून ही तपासणी खेड्यापर्यंत आली आहे. पाळीत अंगावरून जास्त जात असेल, तर तेही सांगा. लाजेपायी हे सांगायचे राहून जाते आणि वर्षानुवर्षे गोळ्या खाऊनही रक्त वाढत नाही.

लोहाच्या गोळ्या मिळाल्या, तर त्या चहाबरोबर घेऊ नका. तुम्ही निंदायला निघण्यापूर्वी आणि शिदोरी खाल्ल्यावर कोरा चहा घेत असणारच. चहातील तुरट द्रव्ये अन्नातील आणि गोळीतील लोह बांधून ठेवतात आणि शरीराला ते शोषता येत नाही. चहा सोडा, असे मी म्हणत नाही, कारण ते कोणी ऐकत नाही. जेवण आणि चहा यांत तासाभराचे अंतर ठेवा, एवढेच करा. उलट आंबट वस्तूंमुळे लोह चांगले शोषले जाते. धुऱ्यावर तरोटा उगवला आहे, सांदवाडीत म्हणजे घरामागच्या वाडीत मुनग्याचा (शेवग्याचा) पाला आहे; त्याची भाजी केली की वरून लिंबू पिळा, किंवा जेवणानंतर पेरूची फोड खा. नणंदबाईंच्या व्हिडिओतील लिंबू अशा रीतीने कामी येईल. गोळीने शौचास काळे होते, त्याला घाबरू नये; मळमळ होत असेल, तर जेवणानंतर घ्यावी.

पावसाळ्यात आणखी एका गोष्टीकडे लक्ष द्या. अंकुशकृमी नावाचे जंत ओल्या मातीतून अनवाणी तळपायाच्या कातडीतून शरीरात शिरतात आणि आतड्याला चिकटून रक्त पितात. चिखलात चप्पल रुतते, हे मला मान्य आहे. पण निदान सांदवाडीत आणि उघड्यावर जाताना तरी चप्पल घाला, आणि जंताच्या गोळीबद्दल आशाताईंना विचारा. शाळेतील मुलांना ती वर्षातून दोनदा मिळते, आईला मात्र कोणी आठवणीने देत नाही.

शेवटचे पाण्याविषयी. वावरात आडोसा नसतो म्हणून बाया सकाळपासून पाणीच पीत नाहीत, हे मला अनेकींनी बऱ्याच आढेवेढ्यांनंतर सांगितले आहे. पोटऱ्यांतील गोळे, दुपारची डोकेदुखी आणि वारंवार होणारी लघवीची जळजळ यांना हे एक कारण असते. लघवीचा रंग फिकट असावा. तो गर्द पिवळा दिसू लागला, की शरीर पाणी मागत आहे असे समजा. हा प्रश्न एकटीने सुटणारा नाही. निंदणाऱ्या आठ-दहा जणींनी मिळून एक जुने लुगडे दोन काठ्यांना बांधून धुऱ्याच्या कोपऱ्यात आडोसा करावा आणि वावराच्या मालकिणीकडे तशी मागणी करावी. यात भीड बाळगण्यासारखे काही नाही.

प्रश्न : वय २७, जिल्हा चंद्रपूर. दिवसाला सात-आठ खर्रे होतात. आता तिखट खाल्ले की तोंडाची आग होते. एकदम सोडवत नाही. तंबाखू बंद करून नुसती सुपारी ठेवली, तर चालेल काय?

उत्तर : चालणार नाही, भाऊ. तुमची आग बहुधा सुपारीनेच होत आहे. खर्र्यात सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीवर घोटलेले असतात आणि लोक सगळा दोष तंबाखूला देऊन सुपारीला निर्दोष ठरवितात. वास्तविक जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्येच नुसत्या सुपारीलाही कर्करोगकारक ठरविले आहे. सुपारीमुळे गालाच्या आतील मऊ कातडी हळूहळू ताठ आणि पांढुरकी होते, तिखट सोसवत नाही आणि पुढे तोंड उघडणेच कमी होत जाते. गोड सुपारीच्या पुड्या मुलांच्या हाती देणारे आईबापही याच गैरसमजात असतात.

आज रात्री आरशासमोर उभे राहा आणि तोंड पूर्ण उघडून आपल्या हाताची तर्जनी, मधले बोट आणि अनामिका ही तीन बोटे एकावर एक उभी धरून वरच्या आणि खालच्या दातांच्या मध्ये घाला. तिन्ही सहज जात असतील, तर वेळ हातची गेलेली नाही. दोनच जात असतील, तर या आठवड्यात ग्रामीण रुग्णालयातील दंतचिकित्सकांना दाखवा. तीन आठवडे न भरलेली जखम, पांढरा किंवा लाल चट्टा दिसला, तर बोटे कितीही जावोत, तपासणी टाळू नका.

सोडण्याची रीत अशी की, आधी खर्रा कोणकोणत्या वेळी होतो ते दोन दिवस कागदावर लिहून काढा. बहुतेकांचा पहिला खर्रा सकाळी पोट साफ होण्यासाठी असतो, दुसरा पानठेल्यावर मित्रांसोबत आणि बाकीचे हाताला काम नसते म्हणून. पहिल्याच्या जागी कोमट पाणी पिऊन दहा मिनिटे चाला. पोटाला नवी सवय लागायला आठवडा लागेल. दुसऱ्यासाठी काही दिवस वाट बदला, कारण पानठेल्यासमोर उभे राहून निग्रह टिकल्याचे उदाहरण माझ्या पाहण्यात नाही. तल्लफ आली की ती साधारण पाच-दहा मिनिटांत ओसरते; तेवढा वेळ लवंग किंवा बडीशेप तोंडात ठेवा. पहिले तीन-चार दिवस चिडचिड होईल, झोप मोडेल, आणि घरच्यांना हे आधी सांगून ठेवणे बरे. १८००-११-२३५६ या राष्ट्रीय क्रमांकावर तंबाखू सोडण्यासाठी विनामूल्य मार्गदर्शन मिळते.

प्रश्न : पऱ्हाटीवर (कपाशीवर) फवारणी करून आलो की रात्री डोके जड होते आणि मळमळते. वडील म्हणतात, गूळ खा आणि दूध पी, विष उतरते. हे खरे आहे काय? (वय ३३, जिल्हा अकोला)

उत्तर : नाही. दूध-गुळाने विष उतरत नाही आणि त्या भरवशावर दवाखान्यात जाण्यास उशीर होतो. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून झालेल्या विषबाधेत वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले आणि शेकडो जणांना रुग्णालयात ठेवावे लागले, हे आपण विसरता कामा नये. डोके जड होणे ही विषबाधेची सुरुवात असू शकते. लाळ सुटणे, दरदरून घाम, अंधूक दिसणे, उलट्या किंवा स्नायू थरथरणे यांपैकी काहीही झाले, तर अंगावरचे कपडे उतरवून साबणाने अंग धुवा, १०८ ला फोन करा आणि औषधाचा डबा लेबलासह सोबत न्या. कोणते विष आहे हे कळल्याशिवाय उपचार नेमके करता येत नाहीत.

लेबलावर चौकोनात रंगीत त्रिकोण असतो. लाल सर्वांत विषारी, त्याखालोखाल पिवळा, मग निळा आणि हिरवा. शक्य असेल, तेथे लाल टाळा आणि कृषी केंद्रवाल्याच्या सांगण्यावरून दोन-तीन औषधे एकत्र कालवू नका.

हातमोजे, मास्क, चष्मा आणि पूर्ण बाह्यांचा सदरा यांविषयी तुम्ही पुष्कळ ऐकले असेल. भाद्रपदातील दमट उन्हात ते अंगावर ठेवणे अवघड जाते, म्हणूनच लोक ते काढून टाकतात, हेही मला ठाऊक आहे. यावर उपाय वेळेचा आहे. सकाळी दव उतरल्यावर सुरू करून दहाच्या आत पंप खाली ठेवा. तेवढ्या वेळात ही साधने सोसवतात आणि वाराही कमी असतो. वारा पाठीशी घ्या. पऱ्हाटी डोक्याएवढी वाढली असेल, तर फवारा थेट तोंडावर येतो, तेव्हा एका ओळीत सरळ आत घुसू नका. नोझल तुंबले, तर तोंडाने फुंकू नका. सायकलची तार किंवा जुना ब्रश खिशात ठेवा. फवारणीच्या दिवशी खर्रा, बिडी आणि शिदोरी यांना धुतल्याशिवाय हात लावू नका. कपडे घरच्या धुण्यात न टाकता वेगळे धुवावेत, आणि हे काम बायकोवर सोडून देऊ नये, अशी माझी विनंती आहे, कारण विष तिच्या हातांतूनही शरीरात जाते.

प्रश्न : फोनमध्ये दिवसाला दहा हजार पावले दाखवावी लागतात म्हणे. शेतकऱ्यानेही वेगळे चालायला हवे का? (जिल्हा वर्धा)

उत्तर : दहा हजार हा आकडा कोणा वैद्याने काढलेला नाही. १९६५ मध्ये जपानमध्ये पावले मोजण्याचे एक यंत्र विक्रीस आले, त्याच्या नावाचाच अर्थ ‘दहा हजार पावलांचा मापक’ असा होता, आणि तेथून तो जगभर पसरला. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रम पुरेसे मानते आणि डवरणी-निंदणाच्या दिवसांत ते सहज होतात. मात्र एक विचारतो : वावर दीड किलोमीटरवर असताना तुम्ही मोटारसायकलने जात असाल आणि माघापासून वैशाखापर्यंत पारावर बसून असाल, तर वर्षाचा हिशेब वेगळा येईल. त्या महिन्यांत गाडी घरी ठेवा. शिवाय वाकून केलेल्या कामाने कंबर एकाच बाजूला ताणली जाते. अर्ध्या तासाने उभे राहून दोन्ही हात कमरेवर ठेवून मागे झुकावे.

प्रश्न : रात्रभर तांब्याच्या भांड्यात ठेवलेले पाणी सर्व रोगांवर चालते का?

उत्तर : सर्व रोगांवर काहीच चालत नाही. तांब्यात ठेवल्याने पाण्यातील काही जंतू कमी होतात, हे खरे आहे, पण पावसाळ्यातील गढूळ विहिरीला तो उपाय पुरत नाही. पाणी गाळा, खळखळ उकळू द्या किंवा आशाताईंकडील क्लोरीनचे द्रावण सांगितलेल्या प्रमाणात वापरा. तांब्यात लिंबूपाणी किंवा ताक ठेवू नये.

प्रश्न : माझे पती ४५ वर्षांचे आहेत. मागच्या वर्षी सोयाबीन गेले, यंदा पेरणी दुबार करावी लागली. दोन महिन्यांपासून ते पहाटे तीनला उठून ओसरीवर बसून राहतात, नीट जेवत नाहीत, सामुदायिक प्रार्थनेला जाणेही सोडले आहे. विचारले तर ‘काही नाही’ म्हणतात. परवा मुलीला म्हणाले, ‘आईला सांभाळशील ना?’ मी भ्यायले आहे. (नाव-गाव छापू नये)

उत्तर : ताई, तुमची भीती रास्त आहे आणि तुम्ही लिहिले, हे फार बरे केले. पहाटेची झोप मोडणे, अन्नावरची वासना जाणे, माणसांत जाणे थांबविणे आणि मुलीला विचारलेला तो प्रश्न, हे सारे एकत्र आले की तो केवळ स्वभाव किंवा परिस्थिती म्हणून सोडून देऊ नये. हा उपचाराने बरा होणारा आजार आहे.

आजच त्यांच्याजवळ बसा. मुले झोपल्यावर, शक्यतो ओसरीवर, ते बसतात तेथेच. ‘हिंमत धरा’, ‘दुसऱ्यांचेही गेले’ असे म्हणू नका. त्याने माणूस आणखी आत जातो. सरळ विचारा : ‘जिवाचे काही बरेवाईट करावे, असे तुमच्या मनात येते का?’ विचारल्याने तो विचार डोक्यात भरतो, हा समज खोटा आहे. उलट कोणीतरी विचारले, म्हणून माणसे मोकळी होतात. ते ‘हो’ म्हणाले, तर त्यांना एकटे सोडू नका आणि उजाडताच जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात सोबत घेऊन जा. त्यापूर्वी रात्रीबेरात्रीही १४४१६ या ‘टेलिमानस’ क्रमांकावर बोलता येते. ही शासकीय सेवा ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, विनामूल्य आहे आणि मराठीत बोलणारी माणसे तेथे असतात. ते स्वतः बोलणार नसतील, तर तुम्ही बोला.

रोजच्या वागण्यात त्यांना एकटे जेवू देऊ नका. तुमचे ताट त्यांच्या ताटाजवळ मांडा. प्रार्थनेला न्यायला एखादा जुना सोबती रोज संध्याकाळी दारात येईल, अशी व्यवस्था करा, मग ते चार दिवस नाही म्हणाले तरी चालेल. कर्जाचा कागद एकट्याने पाहू नका; भाऊ किंवा जाणकार माणसाला बसवून रक्कम एकदा लिहून काढा, कारण न मोजलेले कर्ज रात्री मोठे होत जाते.

आणि फवारणीची औषधे आजच घरातून हलवा. कोठीत, खाटेखाली, गोठ्याच्या आढ्याला खोचलेले डबे एकत्र करून ते दिरांच्या किंवा शेजाऱ्यांच्या घरी कुलपाच्या पेटीत ठेवा, आणि फवारणीच्या दिवशी लागेल तेवढेच औषध दिरांनी स्वतः आणून द्यावे. असा जीवघेणा विचार पुष्कळदा काही घटकांचा असतो आणि त्या घटकेला डबा हाताशी नसला, तर जीव वाचतो. त्यांनी विचारले, तर मुलांच्या हाती लागू नये म्हणून हलविले, असे सांगा. ते खोटेही नाही.